तव्यावरची मशेरी आणि न फिटणारे व्याज

दुपारची जेवणे आटोपली आहेत. उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली घर थोडे पेंगुळले आहे. अशा वेळी घरातील आजी ओट्यापाशी येतात. भाकरीचा नव्हे, तर केवळ याच कामासाठी वेगळा ठेवलेला जुना तवा त्या काढतात, बाजारातून आणलेली काळी तंबाखू त्यावर चुरून पसरतात आणि मंद आचेवर परतू लागतात. काही क्षणांतच उग्र वास घरभर पसरतो. पाळण्यातील मूल खोकते. सून पदर नाकाला लावून खिडकी उघडते. पाने पुरती काळी पडली, की ती ताटात गार करायची, चुरायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची आणि पत्र्याच्या डबीत दाबून भरायची. आठवड्याची बेगमी झाली.

बारामती तालुक्यातील सुपे आणि आसपासची जिरायत गावे असोत, की नीरा-भीमेच्या काठची इंदापूरची बागायती वस्ती असो, हा वास न ओळखणारा माणूस विरळा. कोणी हिला मशेरी म्हणते, कोणी मिसरी, कोणी मिश्री. नाव काहीही असले, तरी ती दात घासण्याची साधी पूड आहे, अशीच बहुतेकांची समजूत असते. ‘मी तंबाखू खात नाही हो, फक्त मशेरी लावते,’ हे वाक्य आपणही कधी तरी ऐकले असेल. कदाचित स्वतः उच्चारलेही असेल.

हा लेख दोघांसाठी आहे. ज्यांच्या कनवटीला ती डबी आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ती डबी पाहून काळजी वाटते, पण वडीलधाऱ्यांना बोलावे कसे हे कळत नाही, अशा त्यांच्या लेकी-सुनांसाठी व मुलांसाठी. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. येथे कोणालाही दोषी ठरवायचे नाही. ज्या स्त्रियांनी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, ज्यांनी अर्ध्या पोटी खुरपणी केली, त्यांच्यापैकी कित्येकींना ही डबी भूक मारण्यासाठी किंवा दुखरी दाढ शांत करण्यासाठी प्रथम कोणी तरी मायेनेच पुढे केली होती. त्या वेळी तिचे दुसरे रूप सांगणारे कोणी जवळ नव्हते. आज ते सांगता येते.

तेच विष, हातमोज्यांसह

मशेरी म्हणजे नेमके काय हे समजून घेण्यासाठी थोडे दूर जाऊ. युरोप-अमेरिकेत, जेथे विजेवर चालणाऱ्या सिगारेटला कायद्याने मुभा आहे, तेथे काही हौशी मंडळी तिच्यात भरावयाचे द्रव घरीच तयार करतात. त्यांचा रिवाज पाहण्यासारखा असतो. टेबल स्वच्छ पुसलेले असते. शेजारी मूल किंवा पाळीव प्राणी नसतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा छोटा वजनकाटा, मोजमापाच्या सुया, रिकाम्या कुप्या मांडलेल्या असतात. प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन हे दोन पातळ पदार्थ, सुगंधी अर्क आणि थेंबाथेंबाने मोजलेले निकोटीन इतकेच साहित्य. कुपीवर निकोटीनचे प्रमाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी लागते. या साऱ्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळली जाते: निकोटीनच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी हातमोजे घातले जातात, कारण निकोटीन कातडीतूनही शरीरात शिरते.

हे खोटे भय नव्हे. निपाणी परिसरात किंवा जगात अन्यत्र ओल्या तंबाखूच्या पिकात राबणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असा त्रास होऊ शकतो. पानांवरील दवात उतरलेले निकोटीन कातडीतून आत जाते म्हणून हे घडते. वैद्यकशास्त्रात या विकाराला स्वतंत्र नावही आहे. ४० टक्के निकोटीन सल्फेट हे एकेकाळी पिकांवरील किडे मारण्यासाठी फवारले जाई; पुढे आपल्या देशात त्याचा वापर बंद करण्यात आला.

आता पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात या. परदेशातील हौशी माणूस ज्या पदार्थाला मोजे घातल्याशिवाय शिवत नाही, तोच पदार्थ आपल्या आजी उघड्या बोटाने उचलतात, हिरडीवर चोळतात आणि दहा-पंधरा मिनिटे तोंडात धरून बसतात. त्यांच्या डबीवर प्रमाण लिहिलेले नसते, तारीख नसते, धोक्याची सूचना नसते. तंबाखू किती कडक निघाली आणि तव्यावर किती वेळ राहिली, त्यावर प्रत्येक वेळचे प्रमाण ठरते. हाताने तयार केलेली वस्तू म्हणून ती निर्भेळ आणि म्हणून निर्धोक, असे मनाला वाटते. ती निर्भेळ असेलही. निर्धोक मात्र नाही.

हेही सांगितले पाहिजे, की हातमोजे घालून मिसळलेले ते द्रवही निरुपद्रवी नसते. खाण्यात चालणारा सुगंध फुप्फुसात चालतोच असे नाही. लोण्याचा स्वाद देणाऱ्या डायअ‍ॅसिटिल नावाच्या पदार्थाची वाफ श्वासातून गेल्याने अमेरिकेतील मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील कामगारांची फुप्फुसे कायमची निकामी झाल्याचे २००० साली उजेडात आले. २०१९ मध्ये त्याच देशात वाफ ओढणाऱ्या तरुणांमध्ये फुप्फुसाच्या तीव्र विकाराची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ६८ जण दगावले. गांजातील अर्क असलेल्या द्रवात घट्टपणासाठी मिसळलेले ई जीवनसत्त्वाचे एक रूप, हे त्याचे मुख्य कारण ठरले. कातडीला लावायला किंवा गोळीतून घ्यायला चालणारी वस्तू श्वासातून घातक ठरली, हा त्यातील धडा.

तोंडात काय घडते

मशेरीचे दोन दोष आहेत: एक तंबाखूचा, दुसरा तव्याचा.

तंबाखूच्या पानात निकोटीन तर असतेच. शिवाय पान सुकताना व मुरताना नायट्रोसामाइन या वर्गातील कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. ते पान तव्यावर अर्धवट जळते, तेव्हा बेंझोपायरीनसारखी, धुरात आढळणारी घातक द्रव्येही पुडीत उतरतात. म्हणजे मशेरी जरी ओढायची नसली, तरी जळालेल्या तंबाखूचा काही वाटा ती बरोबर घेऊनच तोंडात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने न ओढण्याच्या सर्व प्रकारच्या तंबाखूला माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड या तिन्ही ठिकाणच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे.

आपल्याच जिल्ह्याचा या शास्त्रात मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्यक संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. मुखकर्करोग व त्याआधी दिसणारे चट्टे यांच्याविषयी जगभर जे लिहिले गेले, त्यात या गावकऱ्यांच्या तपासणीचा उल्लेख वारंवार येतो. ज्या आजींच्या सासूने किंवा आईने त्या वेळी ‘आ’ करून दाखविला असेल, त्यांच्या सहकार्यातून हे ज्ञान उभे राहिले आहे.

‘मशेरीने दाढ दुखायची थांबते’ या अनुभवाचे काय? तो अनुभव खोटा नाही. निकोटीनने हिरडी काही काळ बधिर झाल्यासारखी वाटते. परंतु कीड तशीच राहते, हिरडी दातापासून सुटत जाते, मुळे उघडी पडतात. घरात चोर शिरला असता कुत्र्याचे तोंड बांधावे, तसे हे आहे. वेदना ही सूचना असते. सूचना गप्प केली म्हणून आजार थांबत नाही.

‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हा दुसरा अनुभव. तोही खरा आहे. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढविते. वर्षानुवर्षे त्याची सवय लागली, की आतडे आपले काम त्या इशाऱ्यावर सोडून देते. म्हणून मशेरी सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होतो आणि ‘बघा, मला सोसलेच नाही’ असे म्हणून डबी पुन्हा उघडली जाते. हा त्रास तात्पुरता आहे आणि त्यावर उपाय आहेत. ते पुढे पाहू.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक बाजू आहे. निकोटीनने नाडी जलद होते व रक्तदाब चढतो. दिवसातून सहा-सात वेळा मशेरी लावणाऱ्या व्यक्तीला रक्तदाबाची गोळीही चालू असेल, तर एक हात खाली ओढत असतो आणि दुसरा वर, अशी स्थिती होते.

घरातील इतरांचे देणे

घरात गरोदर सून असेल, तर हा भाग तिनेही वाचावा आणि सासूबाईंनीही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मशेरीच लावीत होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस पुरे होण्यापूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाणही अधिक आढळले. ‘उलट्या थांबतील, थोडी लाव’ असा सल्ला गरोदरपणात प्रेमाने दिला जातो. तो देऊ नये.

तव्यावरील धुराचे देणेही घरातील साऱ्यांनाच फेडावे लागते. तो धूर तंबाखूचाच असतो. दमेकरी माणूस, तान्हे मूल, गरोदर स्त्री यांच्या श्वासात तो जातो. शिवाय हात थरथरणाऱ्या किंवा विसर पडू लागलेल्या वृद्ध स्त्रीने दुपारी एकटीने पेटत्या शेगडीपाशी हे काम करणे, यात पदर पेटण्याचा धोका वेगळाच.

डबीची जागा हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. उशीखाली, कोनाड्यात, खाटेच्या पायथ्याशी ठेवलेली डबी रांगत्या मुलाच्या हाती सहज लागते. मुलाने मशेरी किंवा तंबाखू गिळली, तर लाळ गळणे, उलट्या, चेहरा पांढराफटक पडणे, घाम व थरथर ही लक्षणे लवकर दिसतात. पुढे गुंगी, झटके आणि श्वास मंदावणे येथवर मजल जाऊ शकते. अशा वेळी बोटे घालून किंवा मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. तोंडातील पूड ओल्या फडक्याने पुसून काढावी, अंगावर सांडली असल्यास साबण-पाण्याने धुवावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती डबी बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. नातवंडाचा दात किडला म्हणून त्याच्या हिरडीला चिमूटभर मशेरी लावणे, हा प्रकारही कोठे कोठे अजून चालतो. तो तत्काळ थांबला पाहिजे.

कायदा काय सांगतो

तंबाखू घातलेली दंतमंजने व टूथपेस्ट यांच्यावर केंद्र शासनाने १९९२ साली बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरविली. दात घासण्याच्या पुडीत तंबाखू असू नये, हे तत्त्व अशा प्रकारे न्यायालयापर्यंत जाऊन पक्के झाले आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. विजेवर चालणाऱ्या सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, वाहतूक व जाहिरात यांना २०१९ च्या कायद्याने देशभर मनाई झाली. उत्पादन वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या नातवाच्या बॅगेत लेखणीसारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी, गोडसर वास येणारी वस्तू दिसली, तर ‘हल्लीचे काही तरी खेळणे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याशी शांतपणे बोला.

घरच्या तव्यावरील मशेरी मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. तेथे शिक्का नाही, तपासनीस नाही. तेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, घरच्यांचा पोहोचतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी केवळ ३.८ टक्के धूम्रपान करणारे आढळले. मात्र न ओढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १६.६ टक्के, म्हणजे साधारणतः सहा जणींमागे एक. आपल्या राज्याचा तंबाखूचा प्रश्न धुराचा कमी आणि डबीचा अधिक आहे.

सुप्याच्या बाजारातील धडा

सुपे गावाचे नाव इतिहासात दोन प्रसंगांनी आले. एक शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे. दुसरा प्रसंग १२ मे १८७५ चा. तेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात होते. बाजारचा दिवस होता. कर्जाने गांजलेल्या कुणब्यांचा जमाव सावकारांच्या दारी गेला आणि त्याने मागणी केली ती वह्यांची व कर्जरोख्यांची. पुढे त्या वह्यांची होळी झाली. हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

तलफेचा हिशेब त्या वह्यांसारखाच असतो. मशेरी लावल्यावर जे बरे वाटते, ते नवे सुख नसते. रक्तातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते. ते उतरले, की चिडचिड, जांभया, अस्वस्थपणा सुरू होतो. पुन्हा बोट डबीत जाते आणि ती अस्वस्थता शमते. म्हणजे आपण दर दोन तासांनी फक्त व्याज भरतो; मुद्दल जसेच्या तसे राहते, किंबहुना वाढते. ज्याला हे कर्जच नाही, त्याला सकाळी उठल्यापासून तसेच बरे वाटत असते, जसे आपल्याला मशेरी लावल्यावर वाटते.

हे एकदा मनाला पटले, की सोडण्याचा विचार शिक्षेसारखा वाटत नाही.

सोडण्याचा क्रम

वय झाले, आता सोडून काय उपयोग, असे म्हणू नका. तंबाखू थांबल्यावर तोंडातील काही पांढरे चट्टे मागे हटतात आणि रक्तदाबावर पडणारा रोजचा ताण त्याच दिवसापासून कमी होतो. पुढील क्रम आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत वारंवार दुखत असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय औषधे घेऊ नयेत.

पहिला आठवडा केवळ मोजण्याचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, मशेरी लावली की एक रेघ ओढावी. कोणत्या वेळी लावली, हेही लक्षात ठेवावे: उठल्यावर, चहानंतर, शौचास जाण्यापूर्वी, शेजारीण आली म्हणून, की करमत नाही म्हणून. बऱ्याचदा निम्म्या रेघा तलफेच्या नसून केवळ सवयीच्या निघतात.

दुसऱ्या आठवड्यात त्या सवयीच्या रेघा गाळाव्यात आणि तवा उतरवून ठेवावा. डबीत आहे तेवढीच शिल्लक. ती संपेपर्यंत एक दिवस मुक्रर करावा. मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला जाण्याचा दिवस, संकष्टी, नातवाचा वाढदिवस, कोणताही चालेल. आपल्याकडे व्रताचा संकल्प मोडू नये असे मानतात. ही श्रद्धा येथे उपयोगी पडते.

त्या दिवसापासून पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. डोके जड होते, झोप मोडते, राग लवकर येतो. दोन ते चार आठवड्यांत हे बहुतांशी ओसरते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती मिनिटे टाळायची. पाण्याने खळखळून चूळ भरावी, अंगणात फेरी मारावी, चार माणके जपावीत, बडीशेप किंवा भाजलेला ओवा चघळावा. सुपारी मात्र नको; तीही कर्करोगकारकच आहे. तंबाखू सोडून सुपारी धरणे म्हणजे एका सावकाराकडून दुसऱ्याकडे जाणे.

पोटासाठी सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात भाकरीबरोबर पालेभाजी व कोशिंबीर, दिवसाला पुरेसे पाणी आणि नाश्त्यानंतर शौचास ठरावीक वेळी बसण्याची सवय, इतके आधी करावे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती पाळावी. एवढ्याने भागले नाही, तर इसबगोल किंवा सौम्य रेचक डॉक्टर देतील.

दातांसाठी मऊ केसांचा ब्रश व साधी टूथपेस्ट. कडुलिंबाची कोवळी काडीही चालेल. राखुंडी, कोळशाची पूड किंवा विटकर घासू नये. त्यांनी दातांवरील आवरण झिजते. बोटाचीच सवय असेल, तर पेस्ट बोटाला लावून हिरड्या हलक्या हाताने चोळाव्यात. बोटाची ओढही त्याने भागते.

सवय फार जुनी व मोठी असेल, तर निकोटीनच्या औषधी गोळ्या, गम किंवा कातडीवर लावायच्या पट्ट्या मिळतात. मशेरीतही निकोटीन आणि यातही निकोटीन, मग फरक काय, असे आपण विचाराल. येथे मात्रा मोजलेली असते, ती दर आठवड्याला उतरवता येते आणि जळालेल्या पानातील कर्करोगकारक द्रव्ये यात नसतात. गम सतत चावायचा नसतो. तिखटपणा जाणवला, की गालाशी धरून ठेवायचा. चहा किंवा आंबट पेयानंतर लगेच घेतल्यास तो नीट काम करीत नाही, म्हणून पंधरा मिनिटांचे अंतर ठेवावे. ज्यांची कवळी आहे, त्यांना चघळायची गोळी किंवा पट्टी अधिक सोयीची.

मदतीसाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. तंबाखू सोडू इच्छिणारी व्यक्ती किंवा तिच्या घरचे, कोणीही बोलू शकते. गावातील आशाताईंना सांगितले, तर त्या जवळच्या आरोग्य केंद्राशी गाठ घालून देतात.

काळजी घेणाऱ्यांनो, आपल्यासाठी

डबी लपवू नका, फेकू नका, चारचौघांत हसू करू नका. ज्या वयात माणसाच्या हाती स्वतःच्या निर्णयाच्या फार थोड्या गोष्टी उरतात, त्या वयात कनवटीची डबी ही त्यांपैकी एक असते. ती हिसकावली, तर त्या दुसरी आणवतील आणि आपल्यापासून लपवतील. ‘आई, तुमचे तोंड मी एकदा बघू का?’ या प्रश्नाने आरंभ करा.

महिन्यातून एकदा उजेडात बसवून तोंड पाहावे. कवळी काढावी. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू असा क्रम ठेवावा. मशेरी जेथे ठेवली जाते, ती जागा विशेष काळजीने बघावी. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, अकारण रक्त, अचानक हललेला दात, बसेनाशी झालेली कवळी, गिळताना अडचण, आवाजात पडलेला फरक, मानेत गाठ, यांपैकी काहीही दिसले, तर थांबू नका. दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आरंभी हे दुखतच नाही. ३० वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रात होते. पुढील उपचारासाठी उपजिल्हा रुग्णालय किंवा बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते.

आणखी एक सूचना, जी फारशी कोणी देत नाही. घरातील वृद्ध स्त्रीला काही कारणाने रुग्णालयात ठेवावे लागले, तर ‘तंबाखू-सिगारेट?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला घरचे झटकन ‘नाही’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी आजी चिडू लागतात, झोपत नाहीत, नळ्या ओढतात, आणि हे असे का, हे कोणाला उमगत नाही. मशेरी एकाएकी बंद पडली, हेही एक कारण असू शकते. म्हणून दाखल करताना आणि विशेषतः शस्त्रक्रियेपूर्वी ‘मशेरी लावतात, दिवसातून इतक्या वेळा’ असे स्पष्ट सांगावे. त्यात लाज नाही.

पुन्हा लावली गेली, तर? जाईलही. लग्नघरात जुनी मैत्रीण भेटते, डबी पुढे येते, नाही म्हणवत नाही. एक रेघ ओढली गेली म्हणून सारा हिशेब पुन्हा सुरू झाला, असे नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ब्रश हाती घ्यावा. आणि ज्या मैत्रिणीने डबी पुढे केली, तिलाही हा लेख वाचून दाखवावा. दोघींनी मिळून सोडणे सोपे जाते.

तो जुना तवा फेकून देण्याचे कारण नाही. घासून, तापवून झाला तरी त्याचा वास जायचा नाही, म्हणून स्वयंपाकात मात्र नको. अंगणात त्यात माती भरून एखादे तुळशीचे किंवा ओव्याचे रोप लावावे. मुद्दा इतकाच, की पुढच्या दुपारी तो शेगडीवर चढू नये.